आपल्या ब्रँडचं लेबल बनवून घेताना: मटेरियल कुठलं, फोल्ड कुठला, अक्षरं केवढी

फोंड्याला घरी बसून कुर्ते शिवत असाल, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लहान मुलांचे कपडे लावत असाल, नाहीतर हणजूण-हडफड्याकडच्या दुकानांना लिननचे शर्ट आणि कफ्तान देत असाल, कधीतरी "आता आपलं लेबल लावूया" असं ठरतंच. आणि ठरलं की सगळे पहिल्यांदा लोगो घेऊन बसतात, फॉन्ट कुठला, सोनेरी की चॉकलेटी, चौकोनी की गोल. माझं म्हणणं असं की लोगो शेवटी बघा. गिऱ्हाईक दुकानात लेबलकडे दोन सेकंद बघतं आणि मग वर्षभर ते मानेवर घेऊन फिरतं, तेही आपल्या गोव्याच्या हवेत. मे महिन्यात घाम थांबत नाही, पावसाळ्यात कपडा धड सुकत नाही, ओलसर मानेवर लेबलची कडक कड घासली की लाल चट्टा उठतो आणि माणूस घरी जाऊन पहिली कात्री काढतो. लेबल कापलं की तुमचं नाव गेलं, पुढच्या वेळी तोच कपडा पुन्हा हवा असला तरी कोणाकडून घेतला होता ते त्याला आठवणार नाही.

म्हणून मी ज्या क्रमाने सांगतेय त्याच क्रमाने जा: आधी लेबलवर काय लिहायचं, मग कपडा आणि कातडी, मग मटेरियल, मग फोल्ड आणि जागा, मग अक्षरं, आणि सॅम्पल धुतल्याशिवाय ऑर्डर नाही.

लेबलवर काय काय यायला हवं

सगळं एकाच लेबलवर कोंबू नका. मागच्या गळ्याला मेन लेबल, म्हणजे फक्त नाव. त्याच्या खाली किंवा बाजूला छोटं साइज लेबल. आणि धुण्याच्या सूचना आणि कापड कशाचं आहे ते डाव्या बाजूच्या शिलाईत, खालच्या घेरापासून वितभर वर, तिथे ते कोणाला टोचत नाही आणि हवं तेव्हा सापडतं.

कायद्याचा भाग लोक सोडून देतात, तो सोडू नका. पॅकेज्ड कमोडिटीज रूल्स, म्हणजे पाकीटबंद मालावर काय काय छापायचं ते सांगणारे नियम, २०११ चे आहेत, आणि २०२२ मध्ये सुट्या म्हणजे उघड्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना त्यात बरीच सूट मिळाली. पण चार गोष्टी तरीही लागतात: बनवणाऱ्याचं किंवा ब्रँडचं नाव, गिऱ्हाइकाने तक्रारीसाठी वापरायचा ईमेल आणि फोन, साइज (एस, एम, एल आणि सोबत सेंटिमीटरमध्ये माप), आणि एमआरपी. हे सगळं कापडी लेबलवर विणून घ्यायची गरज नाही, हँगटॅगवर, म्हणजे कपड्याला दोऱ्याने लटकवतात त्या कागदी टॅगवर, छापलं की झालं, आणि किंमत बदलली तरी फक्त टॅग बदलतो. सीलबंद पाकिटात विकत असाल तर यादी मोठी होते, छापायच्या आधी तुमच्या सीएला विचारून घ्या.

नावाच्या शेजारी गोलातला आर टाकायचा मोह होतो. ट्रेडमार्क रजिस्टर झाला असेल तरच टाका, कारण रजिस्टर नसताना तसं दाखवायला १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात मनाई आहे आणि त्याला दंड होतो. अर्ज केलाय पण मिळाला नाही तोवर टीएम लिहा (कपड्यांसाठी अर्ज क्लास २५ मध्ये होतो). तसंच सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क. ही चिन्हं नेटवरून उचलून आपल्या लेबलवर छापायची नसतात, त्या त्या संस्थेकडे नोंदणी करून त्यांचीच लेबलं घ्यावी लागतात. कुणबी कापडाचं काहीतरी करणारे आता बरेच दिसतात, कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्याच्या कुणबी समाजाची चौकड्यांची साडी पुन्हा लोकांसमोर आणली तेव्हापासून तिला मान मिळायला लागला, आणि म्हणूनच त्या नावाला जपायला हवं. हातमागावरचं नसेल तर तसं लिहू नका, आणि चौकडा यंत्रावरचा असेल तर "कुणबी चेक्स" एवढंच लिहा.

"प्युअर कॉटन" लिहायच्या आधी दोन धागे ओढून जाळून बघा. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख भुरभुरीत पडते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक काळी गोळी होते. मिक्स असेल तर दोन्ही दिसतं. दुकानदार काय म्हणतो त्यावर लेबल छापू नका.

कपडा आणि कातडी

एक कागद घ्या आणि तुम्ही काय काय शिवता ते लिहून काढा, प्रत्येकासमोर तीन गोष्टी: लेबल उघड्या कातडीला लागतं का, कपडा ताणला जातो का, आणि तो कसा धुतला जाणार. एवढ्यानेच अर्धे पर्याय आपोआप गळतात. कॉलरच्या शर्टाला लेबल योकच्या (खांद्यामागच्या दुहेरी पट्टीच्या) आत बसतं, मानेला फारसं लागत नाही, तिथे थोडं कडक चालून जातं. गोल गळ्याचा कुर्ता, मलमलचा टॉप, नाइटी इथे सरळ मणक्यावर येतं. स्विमवेअर आणि लायक्रा ताणतं, त्याला शिवलेलं लेबल ताणत नाही, मग शिलाई तुटते किंवा कापड चुण्या धरतं. हॉटेलच्या युनिफॉर्मचं लाँड्रीत गरम पाण्यात जातं. झबली तर तान्ह्या बाळांची.

विणलेली लेबलं

लेबलचे मोठे दोन गट, विणलेली आणि छापलेली. विणलेल्यात नाव धाग्यातूनच येतं, जकार्ड म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, त्यामुळे ते धुऊन जात नाही. यात तीन नावं तुम्हाला ऐकायला मिळतील.

डमास्क हा सगळ्यात भरवशाचा. बारीक पॉलिस्टर धाग्याची दाट वीण, साधारण ५० डेनियरचा धागा (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप, आकडा लहान तेवढा धागा बारीक), अक्षरं स्वच्छ येतात आणि अंग मऊ असतं. त्याहून बारीक हवं असेल तर ३० डेनियरवालं एचडी डमास्क म्हणून मिळतं, महाग पडतं पण ज्यांच्या लोगोत नाजूक रेषा आहेत त्यांनी तेच घ्यावं. तुम्हाला एकच लेबल निवडायचंय आणि डोकं जास्त चालवायचं नाहीये तर साधं डमास्क घ्या, कुर्ता, शर्ट, ब्लाउज, पिशवी सगळीकडे चालतं.

साटिन वीण चकचकीत आणि हाताला गुळगुळीत, लग्नाचे ब्लाउज, रेशमी कुडता, चवथीला नेसायची नऊवारी शिवून देता त्यावर शोभून दिसते. पण तिचे धागे वर लांब तरंगत असतात, बांगडीत, हुकात अडकले की सुटतात, रोजच्या धुण्याच्या कपड्याला मी ती सुचवणार नाही. टॅफेटा सगळ्यात स्वस्त, साधी वीण, थोडी पातळ आणि कडक, अक्षर जाडसर येतं. पिशव्या, उशांचे अभ्रे, पडदे, जिथे कातडीला लागत नाही तिथे पैसे वाचवायला ठीक. मानेवर नको.

एक गोष्ट विक्रेता आपण विचारल्याशिवाय सांगत नाही, ती म्हणजे कापणी. मोठ्या मागावर लेबलं शेजारी शेजारी विणली जातात आणि गरम पातीने कापतात, पॉलिस्टर वितळून कड बंद होते आणि तीच कड करवतीसारखी घासते. त्यापेक्षा अल्ट्रासॉनिक कट मऊ येतो. ऑर्डर देताना हा शब्द नावानिशी लिहून द्या, "सॉफ्ट कट" एवढंच म्हटलं तर काहीही येऊ शकतं. सोनेरी जरीचा म्हणजे मेटॅलिक धागा हवा असेल तर बाहेर लावायच्या लेबलला घ्या, घामाच्या मानेवर तो खरखरतो.

आणि मागाचा ताणा बहुतेक वेळा पांढरा किंवा काळा असतो, त्यामुळे गडद लेबलला काळा आणि फिक्याला पांढरा ताणा मागून घ्या, नाहीतर गडद मरून रंगात पांढरी झाक दिसत राहते.

छापलेली

धुण्याच्या सूचना आणि साइज यांना विणकाम परवडत नाही, तिथे छापील साटिन रिबनच. पॉलिस्टर साटिनची पट्टी, थर्मल ट्रान्सफर प्रिंटरवर छापतात. इथे विचारायचं एकच, प्रिंटरमधली शाईची रिबन वॅक्सची की रेझिनची. वॅक्सची छपाई थोड्याच धुण्यांत उडते, कपड्यांना रेझिन लागते, आणि तीही वॉश केअरसाठीची म्हणून सांगून घ्या. नायलॉन टॅफेटावर छापलेलं लेबलही मिळतं पण त्याचे कोपरे टोचतात.

कॉटन टेप, ट्विलवाली, ही माझी आवडती. ऑफव्हाइट टेपवर एका रंगात नाव, लिननवर, खादीवर, हातमागावर याच्याइतकं काही शोभत नाही, घाम शोषते आणि प्रत्येक धुण्यागणिक मऊ होते. मात्र दोन कटकटी आहेत. एक तर ती आटते, म्हणून छापायच्या आधी टेप भिजवून वाळवून इस्त्री करून घ्यायची. दुसरं म्हणजे छपाई हळूहळू फिकी होते, ती होणारच, ज्यांना ते जुनं दिसणं आवडत नाही त्यांनी डमास्ककडे जावं. रंगीत टेप घेतली तर पांढऱ्या कापडावर रंग उतरतो का ते आधी बघा.

थोडेच कपडे शिवणाऱ्यांना कॉटन टेप फार सोयीची, कारण विणलेली लेबलं सहसा काही शेकड्यांच्या खाली कोणी करत नाही, मागाची तयारी करायचा खर्चच तेवढा असतो. टेपला रबर स्टँप आणि कापडाची शाई पुरते, वाळल्यावर वरून सुती फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवली की शाई पक्की होते. मडगावला, म्हापशाला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करणारे आहेत, त्यांच्याकडून थोडी थोडी भरतकामाची लेबलंही करून मिळतात, फक्त मागची बाजू खडबडीत असते, म्हणून कपड्याच्या बाहेर लावा.

न शिवता लावायचं

स्विमवेअर, योगाचे कपडे, टीशर्ट, तान्ह्या मुलांचं काहीही, यांना हीट ट्रान्सफर. नाव गळ्याच्या आत दाबून चिकटवतात, टोचायला काही उरतच नाही. ताणणाऱ्या कपड्याला ताणणारी शाई सांगा, सिलिकॉनची मिळते, साध्या शाईला तडे जातात. गडद पॉलिस्टरवर पांढरं नाव दाबलं तर खालचा रंग गरमीने वर चढतो आणि पांढऱ्यावर त्याची झाक येते, त्यासाठी ब्लॉकर म्हणजे खालचा रंग अडवणारा थर असलेली आणि कमी तापमानावर चिकटणारी ट्रान्सफर मागायची. पाणी न धरणाऱ्या कोटिंगच्या कापडावर ती नीट चिकटत नाही.

फुटबॉलच्या जर्सी करणाऱ्यांनी तर वेगळं लेबल घेऊच नये. जर्सी सब्लिमेशनची असेल, म्हणजे रंग गरमीने कापडातच मुरवलेला असेल, तर त्याच छपाईत मागच्या गळ्याच्या आतल्या पट्टीवर नाव आणि साइज टाकून घ्या, खर्च जवळपास शून्य आणि जर्सी फाटेपर्यंत जात नाही.

चामड्याचे पॅच, धातूचे बिल्ले यांच्याबद्दल थोडक्यात. खऱ्या चामड्याला आपल्या पावसात बुरशी येते, कपाटात ठेवलेल्या डेनिमलाही, म्हणून पीयू (कृत्रिम चामडं) किंवा जीन्सवर असतो तो कागदी-चामड्यासारखा जॅक्रॉन घ्या. धातू समुद्राजवळ नकोच, गंज आला की कापडावर पडलेला डाग जात नाही. हँगटॅगलाही स्टीलची सेफ्टी पिन लावू नका, सुती दोरा लावा.

फोल्ड आणि माप

फोल्ड म्हणजे लेबल कसं दुमडून येतं ते, आणि ते तुम्ही कुठे शिवणार त्यावर ठरतं.

दोन्ही टोकं मागे दुमडलेली ती एंड फोल्ड, शर्टाच्या योकवर दोन बाजूंनी शिवायला. मधोमध दुमडून शिलाईत घालायची ती सेंटर फोल्ड, कुर्त्याच्या गळ्याला आणि बाजूच्या शिलाईला, आणि माझ्या मते गोल गळ्याला हीच बरी कारण मानेवर येते ती दुमडलेली मऊ कड, कापलेली नाही. माइटर फोल्डमध्ये टोकं वर वळतात, खुंटीला अडकवायची कडी म्हणून जॅकेटला चालते. मॅनहॅटन फोल्ड म्हणजे सेंटर फोल्डच पण एक कड पुन्हा आत घेतलेली. न दुमडलेली स्ट्रेट कट, चारी बाजूंनी पॅचसारखी शिवायला.

माप सांगताना इथेच गोंधळ होतो. तुम्ही दिसणारं माप सांगता, तो कापायचं समजतो. सेंटर फोल्ड २५ मिलिमीटर दिसायला हवी असेल तर शिलाईत जाणारे ६ धरा, म्हणजे एका बाजूला ३१ आणि उलगडून ६२. एंड फोल्ड ५० दिसायला हवी तर दोन्हीकडे ७ धरून ६४. कागदावर खऱ्या मापाचं कापून, दुमडून, पेनने शिलाईची रेघ मारून त्याचा फोटो पाठवा, बोलण्यावर ठेवू नका.

शिवताना पारदर्शक नायलॉन दोरा वापरू नका, दिसत नाही म्हणून लोक वापरतात पण त्याची तुटलेली टोकं सुईसारखी टोचतात आणि लोकांना वाटतं लेबलच टोचतंय. साधा पॉलिस्टर दोरा लेबलच्या रंगाचा, पातळ कापडाला ११ नंबरची सुई. योकवर लावायचं असेल तर आतला योक जोडायच्या आधीच लेबल शिवून घ्या, बाहेर टाका दिसत नाही. आणि कापड आधी भिजवून आटवून घेतलेलं असू द्या, नाहीतर लिनन आटतं, पॉलिस्टरचं लेबल आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात गळ्यामागे सुरकुत्या येतात. झबल्याला लेबल बाहेरच्या बाजूने शिलाईत घाला, आत काहीच नको.

देवनागरीत नाव असेल तर

नाव मराठीतून टाकणारे कमी आहेत आणि मला ते वाढायला हवेत असं मनापासून वाटतं, पण लेबलवाल्याला देवनागरीची सवय नसते, तिथे आपल्यालाच जागं राहावं लागतं. रोमन अक्षर डमास्कवर २ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे नुसता अक्षराचा उभा भाग किमान ४ मिलिमीटर ठेवा आणि वर-खाली मिळून जवळपास तेवढीच जागा सोडा. "पूर्णिमा" घ्या, खाली दीर्घ ऊकार, वर रफार आणि त्याला चिकटून वेलांटी, छोट्या मापात विणलं तर णच्या डोक्यावर फक्त एक गाठ दिसते. अशा नावाला जाड-बारीक होणारा कॅलिग्राफीचा फॉन्ट नको, एकसारख्या जाडीचा साधा घ्या. अनुस्वाराचा टिंब थोडा मोठा करा. शिरोरेषा आणि लेबलची कड यांच्यात अंतर ठेवा, नाहीतर दुमडल्यावर ती रेषा कडेत जाते.

फाइल देताना मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचं रेषांच्या चित्रात रूपांतर करून द्या, कोरल ड्रॉची किंवा पीडीएफ, व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो नाही. कर्व्ह केलं नाही तर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो, वेलांटी सुटून शेजारच्या अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटतं, आणि वाचता येत नसल्यामुळे त्याला ते कळतही नाही. रंगासाठी धाग्याचं शेड कार्ड मागवा, मोबाइलवरचा रंग आणि धाग्याचा रंग जुळत नसतात. धुण्याची चिन्हं ठरलेल्या क्रमानेच येतात: पाण्याचा टब, ब्लीचचा त्रिकोण, वाळवण्याचा चौकोन, इस्त्री, आणि ड्रायक्लीनचा गोल.

सॅम्पल

सॅम्पलचे पैसे पडले तरी घ्या. ज्या कापडाला लावणार त्याच्याच तुकड्यावर शिवा आणि मग त्रास द्या: रोजच्या साबणाने धुवा, मशीनमध्येही टाका, एक तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून न खळखळता उन्हात वाळवा, एकावर कॉटनच्या तापमानाची इस्त्री दाबून धरा. साटिन तिथे चमक सोडतं किंवा आकसतं, मग केअर लेबलवर कमी गरम इस्त्रीचं चिन्ह द्यायचं की लेबल बदलायचं ते ठरवा. पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून रंग लागतो का बघा. आणि एक लेबल गंजीच्या गळ्याला शिवून घरातल्या कोणाला तरी दुपारी घालून काम करायला सांगा, हाताने चोळून कळत नाही, घामातच कळतं.

ऑर्डर कधी

बरीच लेबलं सुरत, मुंबई, तिरुपूर अशी बाहेरून येतात. आपला विक्रीचा मोसम ऑक्टोबरपासून, आणि सुरतेत दिवाळीला कारखाने बरेच दिवस बंद असतात, म्हणून सॅम्पल जुलैत आणि पक्की ऑर्डर चवथीच्या आधी. एकदम पाच हजार घेऊ नका, दर पडतो म्हणून मोह होतो पण फोन नंबर बदलतो, लोगो बदलतो. साइज लेबलं सारखी घेऊ नका, एम आणि एल जास्त, तुमच्या विक्रीवरून बघा. आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, कॉटन टेपला पावसात काळे ठिपके पडतात. प्रत्येक लॉटमधलं एक लेबल वहीत चिकटवून त्याखाली धाग्याचा शेड नंबर, फोल्ड, उलगडलेलं माप आणि कटिंगचा प्रकार लिहून ठेवा, पुढची ऑर्डर देताना त्या पानाचा फोटो पाठवायचा.